ट्रेनिंग झालं, पण साहेब ऐकत नाहीत

प्रश्न: ताई, मी चाकणला एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, बारा वर्षं झाली. मागच्या महिन्यात एचआरने आमचं दोन दिवसांचं कम्युनिकेशन स्किलचं ट्रेनिंग ठेवलं, आय कॉन्टॅक्ट, बॉडी लँग्वेज वगैरे, चांगलं होतं तसं. पण लाइनवर परत आलो की जैसे थे. एका प्रेसच्या मेन मोटरचं बेअरिंग आवाज करतंय, हे मी तीन मीटिंगमध्ये सांगितलं, प्लँट हेड म्हणतात बघू. माझं इंग्लिश कच्चं आहे म्हणून होतंय का हे? क्लास लावू का?
(एक वाचक, चाकण)

उत्तर: दादा, क्लास लावायचा तर खुशाल लावा, पण या कामासाठी नको. "बेअरिंग आवाज करतंय" या वाक्यात साहेबांनी नेमकं काय करायचं तेच नाहीये, तुम्ही बातमी दिलीत, मागितलं काहीच नाही, मग ते बघू म्हणणारच ना.

हॉस्पिटलमध्ये रात्री नर्स डॉक्टरांना फोन करते तेव्हा हाच घोळ होतो, "पेशंट ठीक वाटत नाहीये" एवढंच सांगते आणि डॉक्टर सकाळी बघतो म्हणतात. त्यावर एसबार नावाची पद्धत आहे, मूळ अमेरिकन नेव्हीच्या अणुपाणबुड्यांमधली, नंतर हॉस्पिटलांनी उचलली. आत्ता काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं आणि तुम्ही काय करावं, या क्रमाने बोलायचं. यातलं चौथंच आपण गिळतो, कारण लहान तोंडी मोठा घास नको हे आपल्याला घरापासून शिकवलेलं असतं आणि साहेबासमोर तर जीभच उचलत नाही. मी इतकी वर्षं ट्रेनिंग देतेय, शॉप फ्लोअरवरची हुशार माणसं इथेच अडकताना बघितलीत, फार वाईट वाटतं.

तुम्ही तर चौथं पहिलं घ्या, मीटिंगमध्ये साहेबांचं लक्ष पहिल्या वाक्यापुरतंच असतं. असं बोलून बघा (आकडे मी अंदाजाने टाकलेत, तुमचे घाला): "साहेब, रविवारी चार तास शटडाउन आणि बेअरिंगच्या पीआरवर (खरेदीच्या मागणीवर) आज सही हवीय. महिन्याभरात व्हायब्रेशन 3 वरून 7 मिलिमीटर प्रति सेकंदावर गेलंय, स्पेअर स्टोअरला नाही. चालू शिफ्टमध्ये मोटर बसली तर त्या दिवसाचा डिस्पॅच जाईल." साहेबांना कस्टमरचा फोन येतो तो डिस्पॅचसाठी, बेअरिंगसाठी नाही, म्हणून त्यांच्या काळजीच्या भाषेत बोलायचं. पण 7 चे 10 करून सांगू नका हं. अ‍ॅरिस्टॉटलने सुमारे 2,300 वर्षांपूर्वी पटवण्याची तीन साधनं सांगितली, युक्तिवाद, ऐकणाऱ्याची भावना आणि बोलणाऱ्यावरचा विश्वास, आणि तुमची बारा वर्षं म्हणजे ते तिसरं, एकदा खोटा आकडा पकडला गेला की ती गेलीच.

राहिलं ट्रेनिंगचं. दोन दिवसांत ऐकलेलं टिकत नाही यात तुमचा दोष नाही, हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं बरंचसं पहिल्या दिवसातच निसटतं. सवय लागते ती दर आठवड्याला बोलून. 1924 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेले टोस्टमास्टर्स क्लब यावरच चालतात, पाच ते सात मिनिटांचं भाषण, एकजण घड्याळ लावून, एकजण तुमचे "अं" मोजत, आणि शेवटी कुणीतरी काय जमलं काय नाही ते सांगतं. पुण्यात असे बरेच क्लब आहेत, पाहुणा म्हणून जाऊन बघा. तेही नको असेल तर सकाळच्या टूलबॉक्स टॉकमधली, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या छोट्या बैठकीतली, पाच मिनिटं मागून घ्या. आणि एचआरला सांगा की पुढच्या वेळी प्रत्येकाने आपली एक खरी अडकलेली मागणी घेऊन यायची, तीच तिथे मांडायची.

सोमवारच्या मीटिंगआधी ही वाक्यं शिफ्टमधल्या एकाला म्हणून दाखवा आणि विचारा, मी काय मागितलं? त्याला सांगता आलं नाही तर पहिलं वाक्य परत लिहा.