फळ्याचा मधला रकाना

प्रश्न : कराडला आमचा छोटा ऑफसेट छापखाना आहे, आम्ही ७ जण काम करतो. तीन महिन्यांपूर्वी भिंतीवर पांढरा फळा लावून ‘करायचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ असे रकाने आखले, प्रत्येक कामाची चिठ्ठी लावली. पंधरा दिवस सगळ्यांनी हौसेने चिठ्ठ्या हलवल्या. आता ‘चालू’मध्ये ३६ चिठ्ठ्या साठल्यात आणि लग्नपत्रिका पूर्वीइतक्याच उशिरा जातात. फळा काढून टाकावा का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, फळा मुळीच काढू नका. तो तुम्हाला खरं तेच सांगतोय. ७ माणसं एका वेळी ३६ कामं करत नाहीत. त्यातली पाच-सहा चालू असतील, बाकीची कुठेतरी अडकून पडलीत.

मी भोसरीच्या एका मशीन शॉपमध्ये बावीस वर्षं प्लॅनिंग बघितलं. आमचा फळाही असाच गच्च भरलेला असायचा. एका संध्याकाळी ग्राइंडिंगच्या सुपरवायझरला घेऊन फळ्यासमोर उभा राहिलो. एकेका कार्डावर बोट ठेवून विचारलं, आत्ता याला कुणाचा हात लागलाय? १९ पैकी ४ कार्डांना! एका कार्डाची टाचणी गंजून कागदावर तांबडा डाग पडला होता. त्या शाफ्टचं सुधारलेलं ड्रॉइंग गिऱ्हाईकाकडून यायचं होतं आणि महिनाभर कुणी फोनच केला नव्हता. तो डाग अजून डोळ्यांसमोर आहे.

फळ्याची ही पद्धत ज्या ‘कानबान’वरून आली, त्या जपानी शब्दाचा अर्थ पाटी. टोयोटात ताइची ओनो यांनी १९५३ च्या सुमारास ती मशीन शॉपमध्ये आणली. कल्पना सुपरमार्केटची : फळीवरून जेवढा माल उचलला जाईल तेवढाच पुन्हा भरायचा. पुढच्या विभागाकडून कार्ड परत आल्याशिवाय मागच्याने नवा भाग करायचा नाही. कार्डं मोजकी, म्हणून अर्धवट मालही मोजका. फळ्याचा सगळा जीव या मोजकेपणात आहे, आणि नेमका तोच आपण आणायचा विसरतो.

हिशेब सोपा आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला. हातातली कामं भागिले रोज पुरी होणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारे दिवस. तुमच्याकडे रोज ४ कामं पुरी होत असतील, तर ३६ मध्ये ९ दिवस लागणार. १६ च हातात ठेवलीत तर ४. माणसं तीच, मशीन तेच.

तेव्हा ‘चालू’ हा रकाना मोडा. डिझाइन, प्रूफ गिऱ्हाईकाकडे, छपाई, कटिंग-बायंडिंग असे रकाने करा आणि प्रत्येकाच्या डोक्यावर आकडा लिहा. छपाईला ३ पुरे. रकाना भरला की डिझाइन करणाऱ्याने नवं काम उघडायचं नाही, उठून कटिंगला हात द्यायचा. हे जड जाईल. माणूस रिकामा दिसला की मालकाचा जीव खालीवर होतो, माझाही व्हायचा.

प्रूफच्या चिठ्ठीवर मात्र पाठवल्याची तारीख घाला. आत्याचं नाव राहिलं, मुहूर्ताची वेळ बदलली म्हणून प्रूफ घरोघर फिरतं, हे तुम्हाला मी काय सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी फोन गेलाच पाहिजे, आणि तो कुणी करायचा त्याचं नावही चिठ्ठीवर हवं.

तुळशीचं लग्न लागलं की तुमच्याकडे रांग लागेल, त्याआधी हे बसवा. आज दुकान बंद करण्यापूर्वी त्या ३६ चिठ्ठ्यांवर एवढंच लिहा : हे काम कुणासाठी थांबलंय.