आईला भेटून आला की तो बिथरतो, मग भेटी बंद कराव्यात का?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं घर. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारी, त्यांची तेरा वर्षांची मुलगी, आणि बालकल्याण समितीच्या आदेशाने सात महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे आलेला नऊ वर्षांचा मुलगा. तो त्यांना काका-काकी म्हणतो, मुलीला ताई. काकींचा प्रश्न होता: "दोन आठवडे सगळं सुरळीत असतं. आईला भेटून आला की पुढचे तीन-चार दिवस घर डोक्यावर घेतो. जेवत नाही, ताईशी भांडतो, रात्री अंथरूण ओलं करतो. तिला भेटूनच त्याला त्रास होतोय, तर या भेटी बंद करून घेता येतील का?"

प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर केअर, स्वीकारलेल्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो. म्हणून या एका घराचं सविस्तर लिहितो आहोत. ओळख पटेल असा तपशील बदललेला आहे.

आधी कायद्याची बाजू. आई-वडील सध्या सांभाळ करू शकत नाहीत म्हणून मूल दुसऱ्या कुटुंबात ठेवलेलं असेल, तर ठरावीक अंतराने त्याला भेटण्याची मुभा त्यांना बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ ने दिलेली आहे. भेटी मुलाच्या हिताच्या नाहीत असं समितीला वाटलं तरच त्या थांबतात, आणि समितीला त्याची कारणं नोंदवावी लागतात. प्रतिपालक कुटुंब, जिल्हा बाल संरक्षण कक्षाची कार्यकर्ती किंवा समुपदेशक यांच्यापैकी कुणालाच तो अधिकार नाही. आई पुन्हा सांभाळू शकते असं समितीचं मत झालं, तर मूल तिच्याकडे परत जाऊ शकतं. तोवर नातं तुटू नये म्हणून या भेटी असतात.

काकींना हे माहीत होतं. त्यांचं दुखणं वेगळं होतं. सात महिने जपलेलं मूल एका तासात उसवून परत येतं, हे बघवत नव्हतं. मूल बिथरलं म्हणजे भेट वाईट, असा निष्कर्ष अशा वेळी कुणीही काढेल. पण भेटीनंतरचा उद्रेक हा भेट वाईट असल्याचा पुरावा नसतो. बहुतेक वेळा तो वियोगाचा असतो. आई भेटते म्हणून मूल मोडत नाही, ती पुन्हा जाते म्हणून मोडतं. तरी प्रत्येक मुलाचं नेमकं कारण वेगळं असतं आणि ते शोधावं लागतं.

या मुलाची आई म्हापशाला भाड्याच्या खोलीत राहते. मानसिक आजारासाठी बांबोळीच्या इस्पितळात तिचे उपचार चालू आहेत. गोळ्या नियमित आहेत, एका दुकानात कामही धरलं आहे. तिने त्याला कधी मारलेलं नाही. आजार बळावला होता तेव्हा मात्र ती दिवसेंदिवस उठत नसे, घरात स्वयंपाक होत नसे. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, आला की हा पोरगा उधारीवर चार पाव घ्यायचा. दोन शाळेत जाताना आईच्या उशाशी ठेवायचा, परत आल्यावर तिने खाल्ले की नाही ते बघायचा.

काकींच्या घरी तो उशीच्या अभ्र्यात पाव लपवायचा. मुंग्या झाल्या तेव्हा ते सापडलं. उपाशी राहिलेली मुलं खाणं साठवतात, हे काकींना प्रशिक्षणात सांगितलं होतं. त्यांनी त्यावर योग्य तेच केलं: रागावल्या नाहीत, आणि झाकणाचा एक डबा त्याच्या हाताला येईल असा ठेवून "हा तुझा, यातलं कधीही खा, संपला तर मी भरेन" असं सांगितलं. लपवणं कमी झालं. पण भेटीच्या दिवशी दप्तरात दोन पाव हमखास निघायचे, आणि तेच पाव संध्याकाळी तसेच परत यायचे. भेटीच्या तारखांशी ताडून पाहिल्यावर उलगडा झाला. ते पाव आईसाठी होते. तिथे द्यायची लाज वाटायची, आणि परत आल्यावर "आज ती जेवली असेल का" हे मनातून जात नसे. आई उपाशी असेल असं वाटत असताना आपण शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी) कसं खायचं? म्हणून ताट ढकलून द्यायचं. काकींना ते आपल्या हातच्या जेवणाचा अपमान वाटत होतं.

लहान वयात घर चालवलेल्या मुलांचं असंच असतं. त्यांना सुरक्षित जागा मिळाली की आधी अपराधी वाटतं. आपण इथे मजेत आणि ती तिथे एकटी. अशा मुलाला "आता तू काळजी करू नकोस" एवढं सांगून भागत नाही. काळजी करायला दुसरं कुणी मोठं माणूस आहे, हे त्याला दिसावं लागतं.

म्हणून पहिला बदल आईच्या बाजूने केला. भेटीची पहिली पाच मिनिटं तिने स्वतःबद्दल बोलायचं: आज काय रांधलं, गोळ्या कुणी आणून दिल्या, शेजारी कोण आहे, परतीची बस कितीची. हे कार्यकर्तीने तिच्याशी आधी बोलून ठरवलं. आणि एक वाक्य तिने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं: "माझ्या जेवणाचं मी बघते, तू तिथे पोटभर जेव." ही परवानगी फक्त आईच देऊ शकते. काकींनी शंभरदा सांगून जे झालं नसतं ते यामुळे झालं. तिसऱ्या भेटीनंतर तो त्या रात्री जेवला. दप्तरातले पावही काकींनी बंद केले नाहीत. डब्यात नीट घालून दिले, "आईला चहाबरोबर दे" म्हणून. लाज गेली.

दुसरं कारण जरा अवघड होतं. चवथीला (गणेशचतुर्थीला) घरच्या माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीखाली, सगळ्यांचा फोटो काढला होता. मुलगा नव्या कपड्यांत मधे उभा. ताईने तो कौतुकाने व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला लावला, आणि फिरत फिरत तो आईपर्यंत पोचला. पुढच्या भेटीत तिने विचारलं, "आता तेच तुझं घर का? काकीला आई म्हणतोस?" त्याने उत्तर दिलं नाही. त्या आठवड्यात उद्रेक सगळ्यात मोठा होता, अंथरूण चार रात्री ओलं झालं.

फोटोचं आधी सांगायला हवं, कारण ही चूक चांगल्या घरांतून होते. समितीच्या देखरेखीखालच्या मुलाची ओळख उघड करायला याच कायद्याचं कलम ७४ मनाई करतं आणि त्यात शिक्षेची तरतूद आहे. स्टेटस, फॅमिली ग्रुप, शाळेच्या ग्रुपवरचे वाढदिवसाचे फोटो, कुठेच मुलाचा चेहरा आणि तो प्रतिपालकत्वात असल्याची माहिती जाऊ द्यायची नाही. फोटो जरूर काढावेत, छापून त्याच्या वहीत लावावेत. ती वही पुढे तो जाईल तिथे त्याच्याबरोबर जाते.

आईच्या प्रश्नाचं काय? तो प्रश्न भीतीतून आलेला होता. पोरगं हातचं जाईल ही ती भीती. मूल मात्र दोन्हीकडून ओढलं जातं: काकी आवडल्या तर आईशी बेइमानी, आई आवडली तर काकींशी. ही गाठ मुलाला सुटत नाही, मोठ्यांनीच सोडवायची असते. काकी आणि आई भेटीच्या सुरुवातीला मुलासमोर दोन मिनिटं बोलतील असं ठरवलं. विषय साधे. काकींनी विचारलं, "त्याला ताप आला की तुम्ही काय द्यायचा? झोपताना काय लागतं त्याला?" आई म्हणाली, कपाळावर हात ठेवून बसलं की झोपतो. मुलगा दोघींकडे आळीपाळीने बघत होता. आईला आईपणाचा मान मिळाला की तिची भीती उतरते, आणि मुलाची सुटका होते. काका-काकी हे संबोधन तसंच ठेवलं. मुलाने आपणहून आई म्हटलं तर त्याला टोकायचं नाही, पण कुणी ते शिकवायचंही नाही.

भेटीच्या दिवसाची घडीही बसवली. भेट महिन्यातून दोनदा, सोमवारी चारला, पणजीत व्हायची. घरी यायला साडेसहा-सात, दुसऱ्या दिवशी शाळा, त्यात रात्रीचा गृहपाठ. काकांनी समितीला लेखी अर्ज देऊन भेट शुक्रवारी मागून घेतली. कॅलेंडरवर मुलाच्या हाताने खूण. आदल्या रात्री फक्त चार गोष्टी सांगायच्या: कुठे, किती वेळ, सोबत कोण, घ्यायला कोण येणार. "आई नक्की येईल" असं वचन द्यायचं नाही. "ती पोचली नाही तर आपण अर्धा तास थांबू, कार्यकर्ती तिला फोन करेल आणि काय झालं ते तुला सांगेल" एवढं म्हणायचं. परतीच्या वाटेवर पाणी आणि खाऊ हाताशी. "काय म्हणाली? रडलास का?" अशी उलटतपासणी नाही. त्या संध्याकाळी पाहुणे नाहीत, ट्यूशन नाही, साधं जेवण, लवकर झोप.

अंथरुणासाठी गादीखाली रबरी शीट, उशाशी जादा चादर आणि चड्डी. सकाळी ओली चादर त्याने बादलीत टाकायची आणि त्यावर घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही, ताईनेही नाही. लघवीला जळजळ, दिवसाही थेंब थेंब किंवा जुना बद्धकोष्ठ असेल तर आधी डॉक्टर, कारण प्रत्येक ओलं अंथरूण मनाचं नसतं.

ताईकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष झालं होतं. तिची खोली वाटली गेली, चिडली तर "तू मोठी ना" ऐकावं लागे. तिच्यासाठी आठवड्यातला एक तास फक्त तिच्या आईबरोबरचा, म्हणजे काकींबरोबरचा, ठरला, आणि कुलूप लागणारा एक खण. भांडणं त्यामुळे जेवढी कमी झाली तेवढी समजावणीने झाली नसती.

आता भेटी खरंच थांबवायला कधी सांगावं? भेटीच्या *आधी* मूल भीतीने थरथरतं, लपतं, एका विशिष्ट माणसाचं नाव काढलं की गप्प होतं. भेटीत दारू प्यालेला माणूस येतो. मारण्याची किंवा पळवून नेण्याची धमकी दिली जाते. अंगावर खुणा दिसतात. वयाला न शोभणारं लैंगिक बोलणं-वागणं दिसतं. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता समितीला आणि बाल संरक्षण कक्षाला त्याच दिवशी कळवावं. तातडीची गरज असेल तर १०९८. मुलाला खोदून प्रश्न विचारू नयेत, तो जे आपणहून बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावं.

लिहून ठेवणं एरवीही उपयोगाचं. काकींची पहिली नोंद होती, "खूप हट्टीपणा केला." यावरून कुणालाच काही कळत नाही. नंतरच्या नोंदी अशा: "शुक्रवार. भेट ४ ते ५. परतताना गप्प. ७.३० ला ताट ढकललं, ९ ला दूध-पाव खाल्ला. रात्री अंथरूण कोरडं." तारीख, वेळ, काय घडलं. विशेषण नाही. समितीने प्रतिपालक कुटुंबांची दर महिन्याला पाहणी करायची असते, तेव्हा अशी वही पुढे ठेवली की चर्चा नेमकी होते.

शेवटी काकांनी जरा संकोचत विचारलं, "तो आमचाच होऊ शकतो का?" हे विचारण्यात गैर काही नाही, पण उत्तर स्पष्ट द्यावं लागतं. मूल कायदेशीररीत्या दत्तक देण्यास मुक्त असेल, तर २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन वर्षं सांभाळलेल्या प्रतिपालक कुटुंबाला दत्तकाचा मार्ग आहे. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती. इथे आई आहे, उपचार घेते आहे, भेटायला येते आहे. त्यामुळे हा मार्ग या मुलाला लागू नाही. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, परत गेला तर आम्हाला भेटता येईल का? ते मात्र मागता येतं. पुनर्वसनाच्या योजनेत काका-काकींचा संपर्क लिहून घ्यावा अशी विनंती त्यांनी समितीला केली, आणि आईनेही त्याला होकार दिला.

तीन महिन्यांनी उद्रेक चार दिवसांवरून एका संध्याकाळवर आला. अंथरूण अजून अधूनमधून ओलं होतं. पुढचा टप्पा आईच्या खोलीवर दिवसभराच्या भेटीचा आहे. त्याआधी कार्यकर्ती खोली पाहून येईल, आईच्या डॉक्टरांचं मत घेतलं जाईल, आणि काकी वहीतली गेल्या सहा भेटींची पानं समितीला देतील.