‘पुन्हा पिलेला दिसला तर मी येणार नाही’

प्रश्न : ताई, मी आठ वर्षांपासून गावात आशा सेविका आहे. आमच्या गावातल्या एका भाऊनं पोळ्याच्या आधी जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला. पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी बोंडअळीनं गेली, वरून कृषी केंद्राची उधारी. दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर त्याच्या घरी जात जा, असं मला सांगण्यात आलं. दोन वेळा बरा बोलला. तिसऱ्या वेळी भर दुपारी पिऊन सपरीत बसला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, “तीन लेकरं आहेत भाऊ, लाज नाही वाटत? पुन्हा पिलेला दिसला तर मी येणार नाही.” तेव्हापासून मी गेले की तो मागच्या दारानं वावरात निघून जातो. माझा बाप दारूनंच गेला, म्हणून असेल, मला ते पाहवत नाही. प्रशिक्षणात सांगतात, समोरच्याला नावं ठेवू नका. पण मनात राग अन् वरून गोड बोलणं, हे ढोंग नाही का? अन् काहीच म्हटलं नाही तर त्याची दारू मान्य केल्यासारखं होत नाही का?
— एक आशाताई, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आशाताई, तुमचं पत्र वाचून मला पंचवीस वर्षांपूर्वीची एक खाट आठवली. मी तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होते. अशाच अवस्थेत एक विशीतली बाई रात्री आणली होती. सलाईन लावता लावता मी म्हणाले, “लेकराकडे तरी पाहायचं होतं, बाई.” तिनं भिंतीकडे तोंड केलं, ते तीन दिवस वळवलं नाही. चौथ्या दिवशी पाहते तर सफाईकाम करणाऱ्या मावशी तिच्या उशाशी बसून केस विंचरत होत्या. केसांचा पार गुंता झाला होता. मावशी बोटांनी एकेक जट सोडवायच्या, थोडं खोबरेल चोळायच्या, मग फणी. विचारत काहीच नव्हत्या. “दुखते का माय?” एवढंच. अन् ती बोलायला लागली. मी पडद्याआड उभी होते. घरचं सारं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “त्या सिस्टरबाईले काय सांगू, मी लेकराकडेच पाहत होती. त्याच्यासाठीच तर एवढे दिवस काढले.” माझं वाक्य नेमकं तिथं लागलं होतं. त्याची टोचणी अजून गेलेली नाही.

आता ढोंगाचं. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५७ साली समुपदेशनाच्या ज्या अटी मांडल्या, त्यांत समोरच्याला बिनशर्त स्वीकारणं आहे, तसंच आपण स्वतः खरं असणंही आहे. वरवर गोड बोला, असं त्यात कुठं नाही. तुमचा राग खराच आहे. पण तो तुमच्या बाबांवरचा आहे अन् पडतो या भाऊवर. तो बोलून टाका, गटप्रवर्तक ताईंजवळ, बहिणीजवळ, माझ्याजवळ. ज्या दिवशी बाबा फार आठवतील त्या दिवशी त्या घरची भेट दुसऱ्या दिवसावर ढकला. मी हे करत असे.

आणि एक गोष्ट, जी मला आपल्या जिल्ह्यात फार छळते. शेतकऱ्यानं जीव दिला की १ लाखाच्या मदतीसाठी समिती बसते आणि प्रकरणावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ लिहिते. सरकारी पैशाला निकष लागत असतील. पण ती भाषा आता गावच्या पारावर आली आहे. “कर्ज होतं का दारू होती?” हाच पहिला प्रश्न. जो वाचून घरी आला त्याच्याही कानावर हे पडत असतं. तुमच्या ‘लाज नाही वाटत’मध्ये त्यानं तेच ऐकलं असणार, की आपण अपात्र. उलट कायदा बदलला. पूर्वी असा प्रयत्न हा गुन्हा होता, खाटेशी पोलीस जबाब घ्यायला येत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायचं, शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य. त्या कर्तव्याचा आपल्या गावातला चेहरा तुम्ही आहात, ताई.

दारू मान्य करायची नाहीच. तिच्याबद्दल बोलायचं, पण सकाळी, तो शुद्धीवर असताना. ‘काहून पितो’ असं विचारलं की माणूस कैफियत देतो. ‘पिल्यावर काय बरं वाटते, भाऊ?’ असं विचारून पाहा. मला बहुतेकांनी एकच उत्तर दिलं आहे : झोप लागते. तिथून डॉक्टरांपर्यंतची वाट सापडते. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ मात्र कुणाला घेऊ देऊ नका. पुष्कळ दिवस रोज पिणारा एकदम थांबला तर कापरं भरतं, झटके येऊ शकतात, जिवावर बेततं. ते डॉक्टरांच्या देखरेखीत व्हायला हवं. आणि शपथ मोडली की शरमेचा आणखी एक दगड छातीवर.

तेव्हा सकाळी जा. वावरात गेला असेल तर वावरात जा, सोबत कुणाला घ्या. तो वेचणी करत असेल तर तुम्हीही चार बोंडं वेचा. हातात काम असलं की माणूस बोलतो. एवढंच म्हणा, “भाऊ, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. तू पिला असला तरी मी येणं बंद करणार नाही.” मग गप्प राहा. गप्प राहणं जड जाईल.

तो बोलायला लागला की सरळ विचारा, “जीव द्यायचं पुन्हा मनात येते का?” विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, ही भीती काढून टाका. मात्र आधीच सांगा, की बाकी सारं माझ्यापाशी राहील, एवढी एक गोष्ट मी लपवू शकणार नाही. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, फवारणीचं औषध त्या घरातून हलवा, आरोग्य केंद्रात न्या. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलतात. नंबर त्याच्या बायकोच्या मोबाईलमध्ये घालून द्या.

त्या वहिनींचं तुमच्या पत्रात काहीच नाही. तिच्यासोबत चुलीपाशी वेगळं बसा. तो मारतो का, हे तिला एकटीला विचारा. मारत असेल तर ‘नावं ठेवायची नाहीत’ हा नियम तिथं लागू नाही. मार थांबलाच पाहिजे, त्यासाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा फोन आहे. तो दुःखात आहे म्हणून तिनं सोसावं, असं तुमच्या-माझ्या तोंडून चुकूनही निघू नये.

पहिल्या खेपेला तो बहुधा बोलणार नाही. तरी काय झालं ते मला लिहा, अंक निघायची वाट पाहू नका. आणि बाबांबद्दलही लिहा, जमेल तेवढं.