डिस्चार्जच्या दिवशीच ऑपरेशन नोट हातात घ्या

तुम्ही लिहिलंय की डाव्या स्तनात वरच्या बाजूला कर्करोगाची गाठ आहे, सर्जन ती काढून त्याच वेळी स्तनाला नीट आकारही देणार म्हणतात, आणि रेडिएशन मात्र दुसऱ्या रुग्णालयात घ्यावं लागणार आहे. विचारलंय ते आकाराबद्दल, करावं की नको. पण माझी नजर तुमच्या त्या रेडिएशनच्या वाक्यावरच अडली. माझंही हुबेहूब असंच होतं, आणि मला सगळ्यात महाग पडलं ते तिथेच.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. करून घ्या, असं माझं मत. ही नटण्यामुरडण्याची हौस नव्हे. नुसती गाठ काढून वरून टाके घातले तर आत पोकळी राहते, आणि रेडिएशननंतर तिथली कातडी आत ओढली जाऊन खड्डा पडू शकतो. आजूबाजूचं मांस सरकवून ती जागा भरायची असं आधीच ठरलं असेल, तर सर्जनला भोवतालचा भागही मोकळ्या हाताने काढता येतो. 'पूर्ण स्तन काढला असता तर जास्त सुरक्षित झालं नसतं का' हा प्रश्न मला रात्री छळायचा. मिलानमध्ये व्हेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर या सर्जननी दोन्ही प्रकारच्या बायकांचा 20 वर्षं पाठपुरावा केला आणि 2002 मध्ये तो प्रसिद्ध झाला. स्तन राखून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायकांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. तुमच्या गाठीला हे लागू आहे का, ते तुमचे डॉक्टरच सांगतील.

आता माझी चूक. डिस्चार्जच्या दिवशी मी गोळ्या मोजून घेतल्या, ड्रेनमधलं पाणी किती आलं की नळी काढायची ते विचारलं, हात वर करायचे व्यायाम लिहून घेतले. ऑपरेशन नोट, म्हणजे ऑपरेशनमध्ये नेमकं काय केलं ते सर्जन लिहून ठेवतात तो कागद, तेवढी मागितली नाही. कार्डावर ऑपरेशनबद्दल एकच ओळ होती: डाव्या स्तनातली गाठ काढली, ऑन्कोप्लास्टी (म्हणजे गाठ काढतानाच स्तनाला आकार देणं) केली. मला वाटलं, पुरे आहे.

रेडिएशनच्या डॉक्टरांनी निपलखालच्या उभ्या व्रणावर बोट ठेवून विचारलं, "गाठ इथे होती ना?" मी म्हटलं, नाही, वर, काखेच्या बाजूला. "निपलपासून किती बोटं?" मला सांगता येईना. माझं निपलच वर सरकवलं होतं, मोजणार कुठून? मग सीटी झाला. पडद्यावर सात पांढरे ठिपके दिसत होते, धातूच्या बारीक क्लिपांचे. गाठीची जागा कळावी म्हणून सर्जन पोकळीच्या भिंतींना अशा क्लिपा लावतात. पण रक्त थांबवायलाही क्लिपाच लावतात आणि सीटीवर त्या सारख्याच दिसतात. सातातल्या खुणेच्या कुठल्या? हे फक्त ऑपरेशन नोटमध्ये होतं.

साध्या लंपेक्टॉमीत, म्हणजे नुसती गाठ काढली तर, बहुतेक वेळा व्रणाखालीच गाठीची जागा असते. आपल्यासारख्यांत तसं नसतं. मांस फिरवलेलं असतं, पोकळीच्या भिंतीही जागच्या हललेल्या असू शकतात. पूर्ण स्तनाला रेडिएशन देताना एक वेळ भागतं, पण शेवटचा बूस्ट, म्हणजे गाठीच्या जागेला दिलेलं जादा रेडिएशन, नेमक्या जागीच द्यायचा असतो.

मग सुरू झाल्या रेकॉर्ड विभागाच्या फेऱ्या. पहिल्या दिवशी खिडकीतून उत्तर मिळालं, "डिस्चार्ज कार्ड दिलंय ना, त्यातच सगळं असतं." दुसऱ्यांदा म्हणाले, अर्ज पेशंटनेच सही करून आणायचा. मी पेशंटच आहे म्हटलं, तर ओळखपत्राची प्रत हवी. तिसऱ्यांदा फाइल सर्जरी विभागात गेलेली, नि तिथे सही करणारे रजेवर. काखेतले टाके ओढत होते, हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि मी त्या बाकावर बसून राहायचे. 19 दिवस गेले. शेवटी मिळाला तो हाताने लिहिलेला दीड पानाचा कागद: गाठ 2 वाजताच्या जागी (स्तन म्हणजे घड्याळाची तबकडी धरून), निपलपासून 4 सेंमी, पोकळीला चार क्लिपा, बाकीच्या रक्तवाहिन्यांना. हे दीड पान द्यायला 19 दिवस का लागावेत, याचा राग मला आजही येतो. उशिराने नुकसान झालं नाही असं डॉक्टर म्हणाले. त्या रात्री मात्र मी कशा काढल्या ते माझं मला माहीत.

म्हणून ऑपरेशनच्या आधीच सर्जनना स्पष्ट विचारा: पोकळीला क्लिपा लावणार का, किती लावणार, आणि नोटमध्ये ते लिहिणार का? रेडिएशनच्या डॉक्टरांनाही ऑपरेशनच्या आधी एकदा भेटून घ्या. आधी केमो ठरली असेल तर ती सुरू होण्यापूर्वी गाठीत मार्कर क्लिप बसवणार का, हेही विचारा. केमोने गाठ पुरती विरघळली तर नंतर कुठे कापायचं ते त्या क्लिपवरूनच कळतं.

दुसऱ्या स्तनाबद्दलही तुम्ही विचारलंय. दोन्ही सारखे दिसावेत म्हणून मी तो त्याच वेळी लहान करून घेतला नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. रेडिएशननंतर डावा आणखी थोडा आवळला, घट्टही झाला. त्याचा अंतिम आकार ठरल्यावर उजव्याचा विचार करता आला. एकाच भुलीत दोन्ही उरकून समाधानी असलेल्या बायकाही मला माहीत आहेत, तेव्हा हे फक्त माझं मत समजा. आणखी एक: मार्जिनमध्ये, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला, कर्करोगाच्या पेशी सापडल्या तर पुन्हा ऑपरेशन लागू शकतं, आणि मांस फिरवल्यावर ते सोपं नसतं. तसं झालं तर काय करणार, हे आजच विचारा.

सिगारेट किंवा तंबाखू असेल तर आत्ताच थांबवा. निपलचा रक्तपुरवठा कमी पडून जखम चिघळू शकते, आणि जखम भरली नाही तर पुढचे उपचारही लांबतात. डाव्या बाजूचं रेडिएशन म्हणजे हृदय जवळ. ते जपायला श्वास रोखून रेडिएशन देण्याची सोय आहे का विचारा, आणि असेल तर घरी 20-25 सेकंद श्वास धरायचा सराव करा. काही महिन्यांनी टाक्याजवळ कडक गोळा लागला तर तो चरबी मरून झालेला असू शकतो. माझा तसाच निघाला. पण असेल तसाच म्हणून बसू नका, दाखवाच.

मी डॉक्टर नाही, आणि माझ्या उपचारांना आठ वर्षं झाली. मला 15 दिवस आणि वर बूस्टचे 5 दिवस दिले होते; आता काही जणींचं पूर्ण स्तनाचं रेडिएशन 5 दिवसांतही होतं. तुमचा बेत वेगळा असेल.

अर्ज मात्र आजच लिहून ठेवा. त्यात तीनच गोष्टी मागा: ऑपरेशन नोट, पूर्ण बायॉप्सी रिपोर्ट, आणि ऑपरेशनपूर्वीच्या मॅमोग्रामची सीडी. सोबत ओळखपत्राच्या दोन प्रती जोडा. तुम्हाला भूल दिलेली असेल, औषधांची गुंगी असेल, म्हणून अर्ज बरोबर येणाऱ्या माणसाच्या हातात द्या आणि सांगा की ऑपरेशन नोट मिळाल्याशिवाय वॉर्डातून निघायचं नाही.