लेकीच्या ब्लॉगसाठी एफडी मोडू का?

नाशिकहून एका बाबांचा मेल आलाय. मुलगी अकरावीला, १६ पूर्ण. दोन वर्षांपासून मराठीत किल्ल्यांचा ब्लॉग लिहिते, त्यात इतिहास कमी आणि कामाची माहिती जास्त, म्हणजे सटाण्यावरून कुठली एसटी पकडायची, परतीची शेवटची गाडी कधी, टाक्यातलं पाणी पिण्यासारखं आहे का, मुक्काम कुठे करायचा. २०२५ च्या जुलैत १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात साल्हेर होता, आणि तिचा साल्हेरचा लेख तुफान चालला. वर्षभरात ॲडसेन्सचे, म्हणजे ब्लॉगवर दिसणाऱ्या गूगलच्या जाहिरातींचे, ३८ हजार जमले, एकट्या ऑगस्टचे ९ हजार. आता बाबांचा बेत असा की कॉलेजसाठी ठेवलेली ४ लाखांची एफडी मोडायची, १ लाख १० हजारांचा लॅपटॉप, दीड लाखात कॅमेरा आणि ड्रोन, ६० हजारांचा ब्लॉगिंगचा ऑनलाइन कोर्स आणि उरलेले ८० हजार जाहिरातीला. शिवाय तिच्या नावाने चाललेली ५ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडातली हप्त्याची गुंतवणूक) बंद, कारण ‘आता ती स्वतःच कमावते’. मुलीच्या आईचा, म्हणजे वहिनींचा, विरोध आहे.

दादा, मी वहिनींच्या बाजूने.

तुमच्या मेलचा अर्ध्याहून जास्त भाग मामांनी काय म्हटलं, सोसायटीच्या ग्रुपवर कोणी लिंक टाकली, शाळेच्या सरांनी स्टेटसला ठेवली यावर आहे आणि ४ लाखांचा हिशोब मात्र दोन ओळीत उरकलाय. वाचताना मलाही छान वाटलं, का नाही वाटणार, सोळाव्या वर्षी स्वतःच्या लिखाणावर पैसे मिळवणं सोपं नाही, पण एफडी मोडायचा निर्णय त्या पहिल्या भागातून आलाय, हिशोबातून नाही.

तुम्हीच पाठवलेले महिन्याचे आकडे बघा ना. ३८ पैकी २६ हजार जून ते सप्टेंबरचे. उरलेल्या आठ महिन्यांत मिळून १२ हजार, मार्च-एप्रिल तर हजाराच्या आतच. तुम्ही ऑगस्टचे ९ हजार गुणिले १२ करून लाखाच्या वर उत्पन्न धरलंत, पण पावसाळी ट्रेकची गर्दी बारा महिने नसते आणि युनेस्कोची बातमी काही दरवर्षी येणार नाही. त्यात ॲडसेन्समध्ये १०० डॉलर जमेपर्यंत पैसे पुढे ढकलले जातात, म्हणजे उन्हाळ्यात खात्यावर काहीच येत नाही असे दोन-चार महिने जाणारच. आणि हल्ली गूगल सर्चमध्ये वरच एआयचं तयार उत्तर दाखवतं, माणूस खाली लिंकवर येतोच असं नाही, माहिती देणाऱ्या ब्लॉगला हा धोका सगळ्यात जास्त. ३८ हजारांच्या वेगाने तुमचे ४ लाख सुटायला दहा-साडेदहा वर्षं लागतील, तेही कमाई टिकली तर.

एफडी मुदतीआधी मोडली तर बँक अर्धा-एक टक्का व्याज कापते, ते मी फार मनावर घेत नाही. खरी अडचण तारखेची आहे. बारावी होऊन ॲडमिशन जून-जुलैत येणार, फी, हॉस्टेल, डिपॉझिट सगळं एकदम भरायचं असतं, आणि तेव्हा कॅमेरा विकून निम्मे पैसे पण येत नाहीत. मग शैक्षणिक कर्ज काढाल, ज्याचा दर एफडीच्या दरापेक्षा जास्तच असणार. एसआयपीला पण हात लावू नका, पोरगी कमावते म्हणून तिच्या शिक्षणाची जबाबदारी तिच्यावर गेली असं होत नाही, आणि उद्या बारावीच्या वर्षात तिने लिहिणं बंद केलं तर तिला ते बिनधास्त बंद करता आलं पाहिजे.

मग खर्च करायचाच नाही का, तर करा, पण ब्लॉगने कमावलेल्यातूनच. निम्मे ब्लॉगवर, डोमेन, होस्टिंग, ट्रेकचा प्रवास, आणि निम्मे तिच्या नावावर बाजूला. लॅपटॉप कॉलेजला लागणारच आहे, ४०-४५ हजारांचा चांगला येतो, तो घरखर्चातून घ्या, ब्लॉगची गुंतवणूक म्हणून नाही. तिचे वाचक एसटीच्या वेळेसाठी येतात, फोटो मोबाईलचेच चालतायत.

आता एक गोष्ट जी मेलमध्ये नाहीच. १८ च्या आत स्वतःचं ॲडसेन्स खातं चालत नाही, म्हणून ते तुमच्या नावावर असणार आणि पैसे तुमच्या पगाराच्या खात्यात मिसळत असणार. यासाठी वेगळं बचत खातं उघडा, आणि तिचं पॅन काढा, अल्पवयीन मुलांचंही निघतं. अल्पवयीन मुलांचं उत्पन्न एरवी आईबाबांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरतात, पण स्वतःच्या कौशल्यातून कमावलेलं असेल तर ते मुलाचंच. लेख तिने लिहिलेत, तेव्हा ही कमाई तिची, आणि ३८ हजारांवर तिला कर बसत नाही. फक्त कागदोपत्री सगळं तुमच्या नावाने दिसतंय म्हणून लेख, ॲडसेन्सचे महिन्याचे रिपोर्ट, बँक एन्ट्री जपून ठेवा आणि रिटर्न भरताना सीएला दाखवा. याच पैशाची एफडी तिच्या नावावर केलीत तर त्याचं व्याज मात्र तुम्हा दोघांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरलं जाईल, हे बरेच जण विसरतात. बूट-बॅगवाली कंपनी फुकट माल देऊन लेख मागायला आली तर करारावर सही तुमची, अल्पवयीनाने केलेला करार कायद्याने टिकत नाही, आणि लेखात जाहिरात आहे असं स्पष्ट लिहायला सांगा.

कोर्सचे ६० हजार अजिबात नको. वाचक कसे आणायचे हेच तो शिकवणार ना, ते तिला येतंय, पाहिजे तर तिनेच क्लास काढावा. ८० हजारांच्या जाहिरातीचंही तेच, पैसे देऊन आणलेला वाचक एकदा येऊन जाईल आणि त्याच्यावर ॲडसेन्समधून सुटणारे पैसे त्याला आणायच्या खर्चापेक्षा कमीच असतील. राहिलं ड्रोन, कमाईच्या कामासाठी जरा मोठं ड्रोन उडवायचं तर परवाना लागतो आणि तो १८ पूर्ण झाल्याशिवाय निघत नाही, संरक्षित किल्ल्यावर परवानगी काढायची ती वेगळीच. दुकानदाराला ॲडव्हान्स दिला असेल तर आधी तो परत मागा.