साडीची नदी, कागदाचं अस्वल

प्रश्न : ताई, येत्या ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी माझ्या मुलाचा पाचवा वाढदिवस करायचा आहे. मे महिन्यात मामाकडे त्यानं 'द जंगल बुक' हा जुना कार्टून सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून घरात मोगली, बल्लू, बगीरा यांच्याशिवाय दुसरा विषय नाही. वाढदिवस त्याच सिनेमाचा करू, असं आम्ही कबूल करून बसलो आहोत. आमच्या सोसायटीत हल्ली सगळे डेकोरेटर बोलावतात. फुग्यांची कमान, मागे लावायचा छापील पडदा आणि दोन कटआउट यांचे आम्हाला चौदा हजार सांगितले. आमची ऐपत खाण्यापिण्यासकट चार हजारांची आहे. घर डोंबिवलीला, वन बीएचके, हॉल दहा बाय चौदा. मुलं बारा. आम्ही दोघंही नोकरी करतो, हातात फक्त रविवार. घरच्या घरी जमेल का? आणि घरी केलेलं 'स्वस्तातलं' दिसून मुलगा हिरमुसला तर, ही खरी धास्ती आहे.
— एक आई, डोंबिवली

उत्तर : जमेल, आणि चार हजारांतून पैसे उरतील. मी एकतीस वर्षं बालवाडी चालवली आणि हाच सिनेमा माझ्या नातवाच्या पाचव्या वाढदिवसाला आमच्या घरीही झाला, म्हणून एवढ्या खात्रीनं सांगते.

पण खरेदीला निघण्याआधी एक करा. आज रात्री मुलाला जवळ घेऊन विचारा, "सिनेमातलं काय आपल्या घरात आणायचं?" 'तुला कोण आवडतं' असं विचारू नका, त्यावर तो पाच नावं सांगेल आणि तुम्ही पाच कटआउटच्या मागे लागाल. या वयाची मुलं सिनेमा अख्खा लक्षात ठेवत नाहीत, एखादी जागा धरून ठेवतात. माझा नातू म्हणाला होता, "बल्लूच्या पोटावर बसून नदीतून जायचं." बस, आमचं ठरलं. नदी करायची आणि अस्वल करायचं. बाकीचं जंगल राहिलं तरी चालणार होतं. तुमचा मुलगा कदाचित दुसरंच काही सांगेल, हत्तींची कवायत म्हणेल, माकडांची पडकी हवेली म्हणेल. जे सांगेल तेच मोठं करा. मी माझ्याकडे झालं ते सांगते, त्यात तुमचं बसवून घ्या.

नदी साडीची. निळी, नाहीतर हिरवट, सुती जुनी सहावारी. साडी साधारण साडेपाच मीटर भरते आणि तुमचा हॉल चौदा फूट, म्हणजे सव्वाचार मीटरच्या आसपास. सरळ पसरली तर ती मावणार नाही, तिला एक वळण द्यावं लागेल, आणि वळण दिलं की ती नदीच दिसते. खाली सतरंजी हवीच. नुसत्या लादीवर साडी सरकते आणि पोरं तोंडावर आपटतात. कडा सतरंजीखाली दुमडून घ्या. आणखी एक पातळशी निळी साडी हाताशी ठेवा. सहा मुलं या काठाला, सहा त्या काठाला बसवून ती हलवायला सांगा, लाटा येतात. मधे तपकिरी चादरीत गुंडाळलेला लोड, तोच बल्लू. त्यावर पाळीपाळीनं एकेक मोगली. आमच्याकडे हा एकच खेळ पाऊण तास चालला. मी आणखी चार खेळ तयार ठेवले होते, त्यांच्याकडे कुणी फिरकलंही नाही.

मोगली कोण होणार यावरून भांडण ठरलेलं आहे. त्यावर उपाय असा की बाराही जण मोगली. लाल सुती कापडाच्या बारा पट्ट्या फाडा आणि आल्या आल्या एकेकाच्या दंडाला बांधा. गळ्यात काहीही बांधू नका. प्राणी व्हायचं ते मोठ्यांनी, नाहीतर बाहुल्यांनी.

आता लोडाला तोंड हवं. ते कागदाचं, आणि ते काम मुलासोबत करा. अर्धी वाटी मैदा थंड पाण्यात गुठळी न राहता कालवा, अडीच वाट्या उकळत्या पाण्यात ओता, ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन ही खळ काचेसारखी चमकायला लागली की उतरवा, चिमूटभर मीठ टाका, गार होऊ द्या. तयार खळ आणू नका. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते विषारी असतं आणि पाच वर्षांचं मूल बोटं चाटणारच. वर्तमानपत्र कात्रीनं कापायचं नाही, फाडायचं. फाडलेल्या कडेला जे तंतू राहतात ते एकमेकांत बसतात, कापलेली कड मात्र वर उचलली जाते. कागद उभा फाडून बघा आणि आडवा फाडून बघा; एका बाजूनं तो सरळ पट्टी देतो, दुसऱ्या बाजूनं वेडावाकडा जातो. मुलाला हा शोध स्वतः लागू दे. माझ्या नातवानं अख्खी पुरवणी त्यातच संपवली.

फुगवलेल्या फुग्याच्या अर्ध्या भागावर बोटभर तेल चोळून पट्ट्यांचे तीन थर द्यायचे. इथे पावसाळा आडवा येतो. उन्हाळ्यात एक थर दिवसात वाळतो, ऑगस्टमध्ये पंख्याखाली ठेवूनही दोन दिवस लागतात, आणि ओल्यावर दुसरा थर दिला तर आतून बुरशी धरते. म्हणून तीन आठवडे आधी सुरुवात करा. रविवारी पहिला थर, बुधवारी रात्री दुसरा, शनिवारी तिसरा. दुसऱ्याच दिवशी घाई नको, त्याच्या पुढच्या रविवारी टाचणीनं फुगा फोडला की तोंडाची वाटी हातात येते. फुटलेला तुकडा लगेच उचलून टाका. नाकाला कागदी पेला, कानांना पुठ्ठा, रंगाला गेरू आणि थोडा काळा. डोळे मुलाला काढू द्या. एक वर, एक खाली आले तर तसेच राहू द्या. तुमच्या धास्तीचं उत्तर त्या डोळ्यांत आहे. येणाऱ्या प्रत्येकाला तो हात धरून सांगणार, "हे मी केलंय." छापील पडद्याकडे हात धरून कुणाला नेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

सजावट मुलांच्या उंचीवर करा. डेकोरेटर सगळं फोटोच्या उंचीवर लावतो, मुलांना दिसतं ते आपल्या गुडघ्यापासून कमरेपर्यंतचं. जेवणाच्या टेबलावरून गोधडी खाली सोडली की आत लांडग्यांची गुहा झाली. खिडकीच्या गजांना सुतळी बांधून केळीची पानं सोडा. त्या दिवसांत तुमच्याकडे बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायकांकडे सागाची पानं असतात, त्यांच्याकडून दहा-बारा मागून घ्या. सागाचं एक पान मुलाच्या तोंडासमोर धरलं की अख्खा चेहरा झाकतो, तेवढ्यानं अर्धं जंगल येतं.

सागाचंच का, तेही सांगते. बाजारात मिळणाऱ्या जंगल-संचांत जिराफ, झेब्रे आणि सिंह असतात. मोगलीच्या जंगलात यातलं काही नाही. या गोष्टी लिहिणारे रडयार्ड किपलिंग 1865 साली मुंबईतच, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मले. पुस्तक 1894चं, डिस्नेचा सिनेमा 1967चा. गोष्टीतल्या टेकड्या शिवनीच्या, म्हणजे आपल्या नागपूरच्या वर मध्य प्रदेशात. त्याच भागातलं पेंचचं जंगल काही त्यांच्याकडे, काही आपल्याकडे. साग, मोह, पळस, बांबू, वाघ, अस्वल, बिबळ्या. बगीरा हा काळा बिबळ्या आणि बल्लू म्हणजे भालू, हे मुलांना सांगितलं तर त्यांना कोण आनंद होतो! सिनेमातला माकडांचा राजा मात्र ओरँगउटान आहे. तो आपल्या जंगलात नाही, किपलिंगच्या गोष्टीतही नाही.

सिनेमा लावायचा का? नको. तो 78 मिनिटांचा आहे. बारा मुलं एवढा वेळ बसणार नाहीत, आणि बसली तर वाढदिवस टीव्हीनं खाल्ला म्हणायचं. त्याऐवजी सावल्यांचा खेळ करा. सावंतवाडीला जाताना मी कुडाळजवळच्या पिंगुळीला मुद्दाम थांबले होते. तिथले ठाकर कलाकार पडद्यामागे दिवा ठेवून चामड्याच्या बाहुल्या नाचवतात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. तिथे बघितलेली एक गोष्ट घरी उपयोगाला आली. बाहुली कापडाला टेकलेली असली की सावली रेखीव आणि लहान पडते, दिव्याकडे ओढत नेली की मोठी आणि धूसर होत जाते. दारात पांढरी चादर ताणून बांधा, मागे मोबाइलचा टॉर्च, आणि पुठ्ठ्याचा वाघ काडीवर. शेरखान आधी कापडाला टेकलेला, मांजराएवढा. मग बाबांनी हळूहळू तो टॉर्चकडे न्यायचा. वाघ वाढतो, वाढतो, चादरभर होतो. सिनेमात जे पडद्यावर बघितलं ते इथे आपल्या बाबांच्या हातात घडतं.

मात्र खेळाआधी तो पुठ्ठ्याचा वाघ प्रत्येक मुलाच्या हातात फिरवा. माझ्या हातून बालवाडीत एकदा चूक झाली होती. आमच्या मदतनीस बाईंना वाघाचा मुखवटा घालून दाराआडून यायला मी सांगितलं. एक मुलगी एवढी घाबरली की चार दिवस दाराशीच रडत उभी राहायची. तिच्या आईसमोर मला मान वर करवेना. तेव्हापासून तोंड झाकणारा मुखवटा मी लहान मुलांसमोर कधी आणला नाही. करायचाच तर कपाळावर मुकुटासारखा बसेल असा करा, खाली माणसाचा चेहरा दिसला पाहिजे.

वाघ चादरभर झाला की पुढे काय? जंगलातले प्राणी विस्तवाला 'लाल फूल' म्हणतात आणि शेरखान त्यालाच भितो. दोन-तीन छोट्या बॅटऱ्यांच्या तोंडावर लाल जिलेटीन कागद बांधून ठेवा. मुलांनी त्या चादरीवर रोखल्या की बाबांनी वाघ परत कापडाकडे आणायचा. तो लहान लहान होत कोपऱ्यातून पळून जातो. आमच्याकडे तो सात वेळा पळाला, कारण प्रत्येकाला बॅटरी धरायची होती.

आणि त्यानंतर लगेच औक्षण. दिवे मंदच ठेवा. पाट, भोवती तुम्हाला येईल तेवढी रांगोळी, आणि ताम्हनात निरांजन. नातवाला पाटावर बसवून सूनबाई ओवाळायला लागली तेव्हा मुलांतून एक जण हळूच म्हणाला, "खरं लाल फूल." कुणी शिकवलं नव्हतं. घरभर कागद आणि कापड असताना विस्तव एवढाच असू द्या. केकवर फुलबाज्यांसारख्या मेणबत्त्या नकोत, फवारायचा फेस तर अजिबात नको, तो पेट घेतो.

खाण्याचं थोडक्यात सांगते. केळीच्या पानावर पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि शिकरण. माकडांची मेजवानी म्हणून वाढलं तर न खाणारी मुलंही शिकरण मागून घेतात. कोकम सरबत. केक रव्याचा, घरच्या कुकरमध्ये, वर कोकोच्या पुडीनं अस्वलाच्या पावलाचा ठसा. येणाऱ्या मुलांपैकी कुणाला दूध, शेंगदाणे चालत नाहीत का, हे आईवडिलांना आधी विचारा. परतभेट म्हणून डोंबिवलीतल्या कुठल्याही रोपवाटिकेत मिळतं ते तुळशीचं किंवा गवती चहाचं रोप द्या.

वेळ साडेचार ते साडेसहा, जास्त नाही. आणि मदतीला दोन मोठी माणसं हवीतच. चादरीमागे बाबा, स्वयंपाकघरात तुम्ही, तर नदीकाठी कोण? मामाला बोलवा, सिनेमा त्यानंच दाखवलाय.

प्रश्न : नात तीन वर्षांची होते आहे. घरातच थिएटर करून मुलांना पुड्यांतून मक्याच्या लाह्या द्यायच्या, असं सुनेच्या मनात आहे. मला धाकधूक वाटते. मी उगीच घाबरते आहे का?
— एक आजी, सांगली

उत्तर : उगीच नाही, तुमचं बरोबर आहे. मक्याच्या लाह्या आणि अख्खे शेंगदाणे चार वर्षांच्या आत देऊ नयेत. लाहीचं टरफल आणि न फुटलेला दाणा श्वासनळीत जातो, आणि मुलं हसता-पळताना खातात तेव्हा हे जास्त होतं. द्राक्षं द्यायची तर प्रत्येक द्राक्षाचे उभे चार काप करा. फुग्यांचंही तसंच, न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा या वयाच्या मुलांच्या हाती लागता कामा नये. थिएटर जरूर करा, पुड्याही करा. त्यांत लोणी लावलेल्या मऊ धिरड्याच्या सुरळ्या आणि केळ्याचे काप द्या. सगळ्यांना खाली बसवून, हातात पुडी देऊन मगच पडदा उघडायचा. पुडीवर नातीनं स्वतः काढलेली एखादी रेघोटी असू द्या, सुनेचाही हट्ट राहील. आणि तीन वर्षांच्या मुलांना दहा मिनिटांचा सिनेमा पुष्कळ झाला.