विचारा बिनधास्त: ट्रॅपर व्हायचंय, काय करू?

प्रश्न: दादा, मी रोज डोंबिवलीहून लोकलला लटकत ऑफिसला येतो, हल्ली जुन्या अमेरिकेतल्या ट्रॅपर (फरसाठी सापळे लावून जनावरं धरणाऱ्या) लोकांचे व्हिडिओ बघायचं वेड लागलंय. डोंगर, घोडा, बंदूक, ना बॉस ना ईएमआय. खरंच इतके मोकळे होते का ते? आणि त्यांच्यातला तो नावाजलेला जिम ब्रिजर म्हणे अंगठेबहाद्दर होता, मग लोकांना वाट कशी दाखवायचा?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: मित्रा, लोकल परवडली रे. बीव्हर म्हणजे ओढ्या-नदीत राहणारा, कुरतडणारा केसाळ प्राणी; त्याची फर थंडीत दाट होते, म्हणून हे लोक हिवाळ्याच्या तोंडावर आणि मग वसंतात ओढ्याच्या बर्फगार पाण्यात उतरून लोखंडी सापळे लावायचे, काठावर माणसाचा वास राहू नये म्हणून पाण्यातूनच चालायचं, आमिष म्हणून बीव्हरच्याच ग्रंथीतला उग्र वासाचा रस काडीला फासायचा. सांधे धरणारच! वर्षातून एकदा उन्हाळ्यात त्यांची जत्रा भरायची (१८२५ ते १८४०), व्यापारी तिथे कातडी घेणार आणि साखर, कॉफी, दारू, बंदुकीची दारू सेंट लुईस शहराच्या कितीतरी पट भावाने गळ्यात मारणार, म्हणजे वर्षभराची कमाई तिथेच साफ, वर पुढच्या सीझनची उधारी. ईएमआयच की.

आणि हे सगळं कशासाठी, तर शहरातल्या साहेबांच्या टोप्यांसाठी! बीव्हरच्या फरचा फेल्ट (केस दाबून केलेलं जाड कापड) भारी व्हायचा. १८३० नंतर रेशमी हॅटची फॅशन आली, बीव्हरही संपत आले होते, धंदा बसला. कसब हातात आहे आणि गिऱ्हाईकच नाही, गिरणगावातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

ब्रिजर मात्र टिकला. जन्म १८०४, पोरकं पोर, लोहाराकडे उमेदवारी, १८२२ मध्ये अठराव्या वर्षी मिसुरी नदीवरच्या फर मोहिमेत घुसला. लिहिता-वाचता येत नव्हतं हे खरं, पण म्हशीच्या कातड्यावर (तिकडच्या रानम्हशी, बायसन) कोळशाने अख्ख्या मुलखाचा नकाशा काढून द्यायचा, कारण एकूणएक खिंड आणि ओढा त्याने स्वतः तुडवलेला. पाठीत रुतलेलं लोखंडी बाणाचं टोक तर तीनेक वर्षं तसंच घेऊन फिरला, १८३५ च्या जत्रेत एका मिशनरी डॉक्टरने, मार्कस व्हिटमनने, ते कापून काढलं. फरचा धंदा गेल्यावर १८४३ मध्ये पश्चिमेला ओरेगॉनकडे गाड्यांतून वस्तीला जाणाऱ्या लोकांसाठी ठाणं टाकलं, पुढे लष्कराचा वाटाड्या झाला.

तुला जंगलच हवं असेल तर रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात ये, कान्हेरीपर्यंत चालू. सापळा तेवढा घरी ठेव, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे!